गणपूर्ती घरी बसलेल्यांसाठी असते

प्रश्न : ताई, आमचं हौशी आकाशनिरीक्षकांचं मंडळ आहे. पटावर ८४ सभासद. सर्वसाधारण सभेच्या गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, निम्मे सभासद हजर हवेत असं घटनेत लिहिलंय. हा नियम झाला तेव्हा आम्ही अवघे बावीस जण होतो, अकरा माणसं सहज जमायची. आता ४२ जण गोळा करताना दमछाक होते. गेल्या वर्षभरात पाचपैकी चार सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या. पाचव्या सभेत जुनी दुर्बीण विकून नवी घ्यायचा ठराव झाला. सभा सुरू झाली तेव्हा हजेरीपटावर ४४ सह्या होत्या, पण मतदानापर्यंत बरेच जण उठून गेले. ठरावाच्या बाजूने २४ आणि विरोधात ७ मतं पडली. आता एक जुने सभासद म्हणतात, ठराव बेकायदा आहे. अध्यक्ष म्हणतात, सह्या ४४ आहेत, विषय संपला. विरोधातले काही जण मतदानाच्या वेळी मुद्दामच व्हरांड्यात जाऊन उभे राहिले होते, असंही मला नंतर कळलं. कार्यकारिणीचं म्हणणं, गणपूर्ती थेट दहावर आणू, म्हणजे कटकट मिटेल. इतिवृत्त मी लिहिते, सही माझी असते. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?
— एक चिटणीस

उत्तर : तुमच्या पत्राच्या शेवटापाशी मी थांबले. ‘इतिवृत्त मी लिहिते, सही माझी असते.’ झोप उडणं साहजिक आहे. अध्यक्ष जे तोंडी सांगतायत ते तुम्हाला कागदावर उतरवायचंय, आणि ते तसं नव्हतं हे तुम्ही स्वतः पाहिलंय. म्हणून आधी सरळ उत्तर देते, कारणं मागाहून. मतदानाच्या क्षणी सभागृहात किती जण होते, याला महत्त्व आहे; सुरुवातीच्या सह्यांनी ते ठरत नाही. तटस्थ कोणी राहिलं नसेल तर ते ३१ होते आणि तुमच्या घटनेला ४२ हवे होते. तेव्हा हा ठराव आहे तसा पुढे रेटू नका. गणपूर्ती दहावर आणू नका. आणि निम्म्यावरही ठेवू नका, कारण तिथे तुमचं मंडळ अडकून पडलंय.

मी स्वतः ऐन तिशीत एका संस्थेची सहचिटणीस होते. संस्थेचं वाचनालय होतं. गणपूर्तीला चार-पाच सह्या कमी पडल्या की मी हजेरीवही पिशवीत घालायची आणि सभासदांची घरं गाठायची. एका संध्याकाळी अशीच एका निवृत्त गृहस्थांकडे गेले. त्यांनी चष्मा शोधला, पेनाचं टोपण काढलं आणि सही करता करता विचारलं, ‘कशाची सभा होती?’ मी म्हटलं, ‘नेहमीचीच.’ त्या नेहमीच्या सभेत वाचनालय संध्याकाळी सातऐवजी पाचलाच बंद करायचं ठरलं होतं. ते गृहस्थ रोज साडेपाचला यायचे. पुढच्या आठवड्यात ते कुलूप लावलेल्या दारापाशी उभे दिसले. त्यांचा सोबती असलेली ती जागा त्यांच्याकडून काढून घेणाऱ्या ठरावाखाली, हजर सभासदांच्या यादीत, त्यांचंच नाव होतं. ते मी आणलेलं होतं.

तेव्हापासून गणपूर्ती म्हणजे सभा सुरू करण्याची घंटा असं मी मानत नाही. जे घरी आहेत, आजारी आहेत, कामात आहेत, ज्यांना आज काय ठरणार याचा पत्ताही नाही, त्यांच्या नावाने मूठभर लोकांनी परस्पर काही ठरवू नये, एवढ्यासाठी ती असते. सभेत हजर असलेल्याला स्वतःची बाजू मांडायला तोंड आहे, हात वर करायला मत आहे. न आलेल्याकडे फक्त गणपूर्तीचा नियम असतो. म्हणून ‘कटकट मिटेल’ हा शब्द मला खटकला. कार्यकारिणीला जी कटकट वाटते ते उरलेल्या सभासदांचं संरक्षण आहे.

पण मग निम्म्यांचा नियम चांगलाच म्हणायचा का? इथे हिशोब मांडून बघू, कारण खरी गोम हिशोबात आहे.

समजा दुर्बिणीचा ठराव पुन्हा आला. ३५ जण बाजूने आहेत, १५ जण विरोधात आहेत, आणि उरलेल्या ३४ जणांना यात फारसा रस नाही, ते येणारच नाहीत. विरोधातले पंधरा जण सभेला आले तर हजेरी ५० होते, गणपूर्ती होते, मतदान होतं आणि ३५ विरुद्ध १५ असा ठराव मंजूर होतो. तेच पंधरा जण घरी बसले तर हजेरी ३५, गणपूर्ती नाही, सभा तहकूब, ठराव बारगळला. म्हणजे तुमच्या नियमानुसार सभेला येऊन ‘नाही’ म्हणण्यापेक्षा घरी बसणं जास्त परिणामकारक आहे. पंधरा माणसं पस्तीस जणांना अडवू शकतात, तेही एक शब्द न बोलता, आपलं कारण न सांगता, समोरच्याचं ऐकून न घेता. तुमचे व्हरांड्यातले सभासद याच हिशोबाने उठून गेले. मला त्यांचा राग येत नाही. नियमाने त्यांना तोच रस्ता दाखवला.

तुमच्याच मंडळात हे घडतंय असं नाही, देशच्या देश यात अडकलेत. इटलीच्या राज्यघटनेच्या ७५ व्या कलमानुसार एखादा कायदा रद्द करण्यासाठी सार्वमत घेतलं, तर निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान केलं तरच निकाल ग्राह्य धरतात. २००५ च्या जूनमध्ये कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यातली काही कलमं रद्द करावीत का, यावर असं सार्वमत झालं. ज्यांना कायदा टिकवायचा होता त्यांनी ‘विरोधात मत द्या’ असा प्रचार करण्याऐवजी ‘मतदानालाच जाऊ नका’ असं सांगितलं, त्यात कॅथलिक धर्मगुरूंचं आवाहन फार प्रभावी ठरलं. मतदान झालं सुमारे २६ टक्के. मत दिलेल्यांत मोठं बहुमत कलमं रद्द करण्याच्या बाजूने होतं, तरी कायदा जागचा हलला नाही. घरी राहिलेल्यांत विरोधक किती, उदासीन किती, आजारी किती, हे कोणालाच कधी कळणार नाही. मला यातलं सगळ्यात वाईट हे वाटतं. मत मोजता येतं, त्यामागचं कारण विचारता येतं. रिकाम्या खुर्चीला काय विचारणार?

आता दहाचं बघू. ८४ जणांत दहा-दहाचे आठ वेगवेगळे गट होतात, त्यातल्या कोणत्याही गटातल्या सहा जणांनी हात वर केले की तो ८४ जणांच्या मंडळाचा निर्णय. मार्चमध्ये दहा जण जमून दुर्बीण विकायचं ठरवतील, एप्रिलमध्ये दुसरेच दहा जण जमून न विकायचं ठरवतील, आणि दोन्ही सभा कायदेशीर असतील. निम्म्याहून अधिकचा नियम पूर्वापार का चालत आला त्याचं कारण इथे दिसतं. ८४ जणांत ४३-४३ चे दोन गट कसेही काढा, निदान एक माणूस दोन्हीकडे असणारच. त्या एकाला तरी मागच्या सभेत काय ठरलं ते ठाऊक असतं, आणि तो उठून तसं सांगू शकतो. (तुमच्या घटनेत ‘निम्मे’ लिहिलंय, म्हणजे ४२, तेवढ्यात हा धागा तुटू शकतो, ४२ आणि ४२ चे दोन गट पूर्ण वेगळे निघू शकतात.) एकच माहिती अनेक संगणकांवर ठेवणारे तंत्रज्ञही याच हिशोबावर विसंबतात. निम्म्याहून जास्त संगणकांनी होकार दिल्याशिवाय बदल पक्का धरायचा नाही, म्हणजे जाळं मधेच तुटलं तरी दोन बाजूंना दोन वेगळी ‘सत्यं’ तयार होत नाहीत.

म्हणजे आकडा वर ठेवला तर गैरहजर माणूस राजा होतो, खाली आणला तर हजर टोळकं. यातून एकाच आकड्याने मार्ग निघत नाही, आणि बहुतेक संस्थांची चूक इथेच होते. एकच आकडा शोधत वर्षं घालवतात.

जगातल्या सभागृहांचे आकडे पाहिले तर कामागणिक त्यांत केवढा फरक असतो ते लक्षात येतं. आपल्या राज्यघटनेच्या १०० व्या कलमात संसदेच्या सभागृहाची गणपूर्ती एक दशांश ठेवलीये, म्हणजे ५४३ जणांच्या लोकसभेत ५५. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात मतदानाच्या वेळी ४० पुरतात. अमेरिकेच्या संविधानाने मात्र दोन्ही सभागृहांना बहुमताची हजेरी घातली. त्यांची पहिली काँग्रेस ४ मार्च १७८९ ला भरायची होती, पण पुरेसे प्रतिनिधी पोचलेच नव्हते. खालच्या सभागृहाची गणपूर्ती झाली १ एप्रिलला, सिनेटची ६ एप्रिलला. नव्या संविधानाखालचं पहिलं सरकार महिनाभर खोळंबलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मला पटणारी तोड काढलीये. एक तृतीयांश सदस्य असले की अध्यक्ष सभा सुरू करू शकतात, चर्चा होऊ शकते; निर्णय घ्यायचा तर मात्र बहुसंख्य सदस्य हजर हवेत. बोलायला कमी माणसं चालतील, ठरवायला जास्त हवीत.

आपल्याकडचा २०१३ चा कंपनी कायदाही यासाठी वाचण्याजोगा आहे. सार्वजनिक कंपनीचे १,००० पर्यंत सभासद असतील तर सर्वसाधारण सभेला ५ जण पुरतात, ५,००० पर्यंत १५, आणि त्यापुढे कितीही असोत, ३०. उलट संचालक मंडळाच्या बैठकीला एक तृतीयांश किंवा दोन, यातला जो आकडा जास्त तो. मोठ्या, पसरलेल्या समूहाला टक्केवारी झेपत नाही, आणि ज्यांनी होऊन जबाबदारी घेतलीये त्यांच्याकडून मात्र हजेरी मागता येते. तुम्ही बावीस जण होतात तेव्हा तुमचं मंडळ एखाद्या कार्यकारिणीसारखं होतं, म्हणून निम्मे शोभत होते. आज ते ८४ जणांचं आहे. नियम तेव्हाच्या अंगाचा राहिला, अंग वाढलं.

तेव्हा माझं म्हणणं असं : निर्णयांची दोन भागांत वाटणी करा. हिशोब मंजूर करणं, वर्षाच्या कार्यक्रमाची आखणी, निरीक्षणाच्या रात्री ठरवणं यांसारख्या नेहमीच्या कामांना एक चतुर्थांश सभासदांची गणपूर्ती ठेवा, म्हणजे सध्या २१. तुमच्या तहकूब झालेल्या सभांना साधारण किती जण येत होते ते हजेरीपटावरून पाहा. २१ च्या आसपास किंवा वर असतील तर हा आकडा तुम्हाला पेलेल. मालमत्ता विकणं, मोठी खरेदी, वर्गणी वाढवणं, एखाद्याचं सभासदत्व रद्द करणं, मंडळ दुसऱ्या संस्थेत विलीन करणं, यांना वेगळी कसोटी लावा. तिथे हजेरी मोजू नका, होकार मोजा. एकूण सभासदांपैकी एक तृतीयांश, म्हणजे किमान २८ जणांनी बाजूने मत दिलं पाहिजे आणि ते विरोधी मतांपेक्षा जास्त हवेत.

वरचाच हिशोब आता या नियमाने करून पाहा. बाजूने ३५ आहेत. विरोधातले पंधरा जण घरी बसले तरी ठराव मंजूर, आले तरी मंजूर. घरी बसून त्यांना काहीच मिळत नाही, उलट सभेत येऊन बोलले, आठ जणांची मनं वळवली, तर बाजूची मतं २७ वर येतात आणि ठराव पडतो. म्हणजे विरोध करायचा असेल तर यावं लागतं, बोलावं लागतं. सभेत जे घडायला हवं तेच हा नियम घडवतो. बर्लिनमध्ये कायद्याच्या मसुद्यावर सार्वमत होतं तेव्हा हीच पद्धत आहे : ‘हो’ची मतं जास्त तर हवीतच, शिवाय ती एकूण मतदारांच्या किमान एक चतुर्थांश हवीत. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या हवामानविषयक सार्वमतात ‘हो’ची मतं जास्त पडली, पण एक चतुर्थांशाची मजल गाठता आली नाही, म्हणून प्रस्ताव पडला. हा नियम कडक आहे हे मान्य करते. ज्यांना रस नाही त्यांचं मौनही इथे नकारासारखंच धरलं जातं. पण ज्या वस्तूवर सगळ्या ८४ जणांचा हक्क आहे ती विकायला तिसरा हिस्सा तरी मनापासून तयार असावा, ही मागणी मला जास्त वाटत नाही. तुमच्या ठरावाला २४ मतं होती, माझ्या कसोटीवरही तो चार मतांनी पडला असता. हे अध्यक्षांना सांगायला तुम्हाला जड जाईल, पण सांगा. ती चार माणसं शोधणं एवढंच काम बाकी आहे.

जोडीला एक कलम घाला : सर्वसाधारण सभेने घेतलेला निर्णय वर्षभराच्या आत फिरवायचा असेल तर तो जेवढ्या मतांनी झाला होता निदान तेवढी मतं फिरवण्याच्या बाजूने हवीत. गणपूर्ती निम्म्याखाली आणल्यावर मार्च-एप्रिलचा जो घोळ मी वर सांगितला तो याने बराच आटोक्यात येतो.

तहकूब सभेचं कलम तुमच्या घटनेत आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. पुष्कळ संस्थांत ‘गणपूर्ती न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीचं बंधन राहणार नाही’ असं असतं. नोटिशीतच दोन वेळा छापलेल्या असतात. हळूहळू सगळ्यांना कळतं की खरी वेळ दुसरी आहे, आणि गणपूर्ती हा अर्ध्या तासाचा विश्राम होऊन बसतो. असं कलम असेल तर बदला. कंपनी कायद्यात सभासदांच्या सभेची गणपूर्ती झाली नाही तर ती पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी भरते, आणि तेव्हा जेवढे असतील तेवढ्यांची सभा होते. मधे आठवडा जातो हे महत्त्वाचं. त्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांना कळवायचं की मागच्या वेळी इतके जण होते, आता अमुक दिवशी हाच विषय येतोय आणि या वेळी संख्येअभावी तो थांबणार नाही. अशा सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचं एक अक्षरही घ्यायचं नाही. ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली तहकूब सभेत काय काय उरकलं जातं ते मी पुरेसं पाहिलंय. आणि मोठे निर्णय, म्हणजे ते २८ होकारांचे, तहकूब सभेतही २८ शिवाय नाहीत.

आता अडचण अशी की हे सगळं करायला घटनादुरुस्ती हवी, आणि घटनादुरुस्ती जुन्याच नियमाने होणार. गणपूर्ती कमी करण्याचा ठराव गणपूर्ती नसलेल्या सभेत करता येत नाही. तो रस्ता कोणी सुचवलाच तर तिथेच थांबवा, कारण त्या पायावर पुढचं सगळं डळमळीत उभं राहील. तुमचं मंडळ एखाद्या कायद्याखाली नोंदलेलं असेल तर त्या कायद्यात गणपूर्तीबद्दल आणि घटनादुरुस्तीबद्दल काय आहे तेही आधी बघून घ्या. कायदा आणि तुमची घटना यांत विसंगती असेल तर कायदा वरचढ.

म्हणून एक सभा तरी ४२ जणांची करावीच लागेल. त्याआधी पट तपासा. ८४ मधले किती जण खरोखर सभासद आहेत? वर्गणी थकलेले, गाव सोडून गेलेले, दोनदा नाव लिहिलं गेलेले, दुर्दैवाने हयात नसलेले? घटनेत वर्गणी थकल्यावर मतदानाचा हक्क जातो असं असेल तर रीतसर पत्र पाठवून, मुदत देऊन ती नावं मोजणीतून बाजूला काढा. कोणाला विरोधक म्हणून काढायचं नाही, एवढं मात्र स्वतः जातीने पाहा. सगळ्यांना एकच पत्र, एकच मुदत. समजा यात ७० उरले तर तुमची गणपूर्ती आपोआप ३५ वर येते, आणि मग एक चतुर्थांश, एक तृतीयांश हेही त्या प्रमाणात. दुरुस्तीत आकडे न लिहिता अपूर्णांक लिहा आणि ‘नोटिशीच्या तारखेला मतदानाचा हक्क असलेले सभासद’ असे शब्द घाला, म्हणजे बावीसचे चौऱ्याऐंशी झाल्यावर आज जो पेच आला तो पुन्हा यायचा नाही.

माणसं कशी आणायची? हा प्रश्न अडीच हजार वर्षं जुना आहे. अथेन्समध्ये एखाद्याला नागरिकत्व द्यायचं असलं तर ६,००० नागरिकांचं मतदान लागायचं. लोक बाजारात गप्पा मारत रेंगाळायचे, तेव्हा लाल रंगात भिजवलेली दोरी दोन्ही टोकांना धरून त्यांना सभेच्या टेकडीकडे हाकलत नेत. कपड्याला लाल डाग लागला की चारचौघांत शोभा. पुढे दोरीपेक्षा मानधन बरं असं ठरलं, आणि सभेला येणाऱ्याला पैसे मिळू लागले. तुमच्याकडे दोरीही नाही, पैसेही नाहीत. फोन आहे. कार्यकारिणीत सात जण असतील तर प्रत्येकी बारा नावं. ग्रुपवर टाकलेला निरोप हा सगळ्यांना असतो, म्हणजे कोणालाच नसतो; नाव घेऊन केलेला फोन वेगळा. त्या फोनवर ‘सभेला या’ एवढंच म्हणू नका. म्हणा, ‘आपली दुर्बीण विकायची की ठेवायची हे ठरणार आहे, आणि यापुढे किती जणांनी ठरवायचं हेही. तुमचं काय मत आहे?’ आणि ऐकून घ्या. सभेला हे दोनच विषय ठेवा, तासाभरात संपेल असं सांगा आणि खरोखर संपवा. माझा अनुभव असा की लोक सभेला कंटाळत नाहीत, अडीच तासांनंतरही काही न ठरण्याला कंटाळतात.

घरून, पडद्यावरून हजर राहण्याची सोय घटनेने दिली असेल तर जरूर द्या, फक्त बोलणं दोन्हीकडून ऐकू आलं पाहिजे. ग्रुपवर अंगठा दाखवला म्हणजे हजेरी झाली, हे मात्र नको. एकमेकांचं ऐकून मत बदलण्याची शक्यता हा सभेचा प्राण, अंगठ्यात ती नसते. दुसऱ्याच्या हाती मुखत्यारपत्र देऊन मत पाठवण्याची मुभा असेल तरी ती पत्रं गणपूर्तीत धरू नका. कंपनी कायद्यातही गणपूर्तीला सभासद स्वतः हजर लागतात.

व्हरांड्यातल्या मंडळींचं काय, हे राहिलं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एके काळी सदस्य जागेवर बसून राहायचे पण हजेरीला ‘ओ’ द्यायचे नाहीत, आणि गणपूर्ती नाही म्हणून काम अडवायचे. १८९० च्या जानेवारीत सभापती टॉमस रीड यांनी लिपिकाला सांगितलं, जे मला समोर दिसतायत त्यांची नावं हजर म्हणून लिहा. प्रचंड गोंधळ झाला. एका सदस्याने मला हजर धरण्याचा तुम्हाला अधिकार नाही असं ठणकावलं, तेव्हा रीड यांनी त्यालाच विचारलं, तुम्ही इथे हजर आहात हे नाकारता का? १८९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ही मोजणी वैध ठरवली. तेव्हा जो सभागृहात आहे तो गणपूर्तीत धरायचा, मग तो मत देवो वा तटस्थ राहो. जो व्हरांड्यात आहे तो नाही. त्याला ओढून आणायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि २८ होकारांचा नियम आल्यावर त्याची गरजही पडणार नाही.

गणपूर्ती नसलेल्या सभेत काय करता येतं हेही सांगून ठेवते, कारण चार सभांना आलेली माणसं हात हलवत परत गेली असतील. ठराव करता येत नाही, बाकी बसून बोलता येतं. पुढची तारीख ठरवता येते, गैरहजरांना बोलवायला कोणी जायचं ते ठरवता येतं, दुर्बिणीची माहिती काढायला तिघांना सांगता येतं. आलेल्या माणसांची संध्याकाळ फुकट घालवू नका. फक्त त्या बोलण्याला इतिवृत्तात ‘अनौपचारिक चर्चा’ म्हणा, ठराव म्हणू नका.

आता तुमच्या झालेल्या ठरावाबद्दल. दुर्बीण अजून विकली नसेल तर थांबा. आगाऊ रक्कम देऊन झाली असेल तर तेही पुढच्या सभेपुढे आकड्यांसकट मांडा आणि कार्योत्तर मान्यता मागा. मान्यता मिळेपर्यंत जे पदाधिकारी व्यवहार पुढे नेतील ते स्वतःच्या जबाबदारीवर नेतील, हे अध्यक्षांना लेखी कळवा, शक्य तितक्या सौम्य शब्दांत. ते रागावतील. त्या जुन्या सभासदांनाही भेटा. ‘बेकायदा’ म्हणणाऱ्या माणसाला सहसा ठरावाविषयी काहीतरी सांगायचं असतं आणि कोणी विचारलेलं नसतं. ती दुर्बीण त्यांच्या हाताखाली वाढली असेल, किंवा नवी कोण सांभाळणार ही त्यांची काळजी असेल. कोरम हा शब्दच मुळात लॅटिनमधला, ‘ज्यांच्यापैकी’ अशा अर्थाचा. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या जुन्या आज्ञापत्रांत काही नावं लिहून ‘ज्यांच्यापैकी एक तरी हजर असलाच पाहिजे’ असं म्हणत. किती जण याइतकंच कोण याला महत्त्व होतं. दुर्बिणीचा विषय असलेल्या सभेत ती वर्षानुवर्षं हाताळणारा माणूस समोर बसलेला असावा, असं मलाही वाटतं.

आणि इतिवृत्त. त्यात जे घडलं तेच लिहा : ‘सभेच्या आरंभी ४४ सभासदांच्या सह्या होत्या. मतदानाच्या वेळी बाजूने २४ व विरोधात ७ मते पडली. त्या वेळी हजर सभासदांची शिरगणती झाली नाही.’ हे वाक्य काढून टाका असं कोणी म्हटलं तर पुढच्या सभेत, इतिवृत्त कायम करताना, त्यांनी तशी दुरुस्ती उघडपणे सुचवावी आणि सभेने ती मान्य करावी; तुमच्या हातून परस्पर काही खोडलं जाऊ नये. पुढच्या सभेपासून हजेरीपटावर सहीच्या शेजारी आणखी दोन रकाने आखा, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ. प्रत्येक मोठ्या ठरावाआधी अध्यक्षांना उभं राहून डोकी मोजायला सांगा, आणि तो आकडा मोठ्याने म्हणायला लावा, म्हणजे तो सगळ्यांनी ऐकलेला असेल.